कागदातील छिद्रांपासून पडद्यावरील रेघांपर्यंत

संगीत ही हवेत उमटून हवेतच विरून जाणारी कला आहे. तिला धरून ठेवण्याचे प्रयत्न मनुष्याने दोन मार्गांनी केले. पहिला मार्ग लेखनाचा. स्वरांना चिन्हे द्यावयाची, ती कागदावर मांडावयाची, आणि ती वाचून दुसऱ्या गायकाने अथवा वादकाने ते संगीत पुन्हा निर्माण करावयाचे. दुसरा मार्ग यंत्राचा. मधल्या वादकाला वगळून, कोणत्या क्षणी कोणता स्वर वाजावा ही आज्ञा थेट वाद्यालाच द्यावयाची. पहिल्या मार्गाची हकीकत आपल्या पुष्कळ परिचयाची आहे. दुसऱ्या मार्गाची हकीकत त्या मानाने कमी ठाऊक असते. तथापि आज संगीतरचना करू पाहणारी तरुण मंडळी ज्या साधनावर बसून काम करतात, ते साधन ह्या दुसऱ्या मार्गानेच आपल्यापर्यंत आलेले आहे.

संगणकावर संगीत रचण्याचे बहुतेक कोणतेही सॉफ्टवेअर उघडले की त्यात ‘पियानो रोल’ नावाची एक खिडकी आढळते. पडद्याच्या डाव्या कडेला पियानोच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या उभ्या रचलेल्या असतात. तेथून उजवीकडे वहीच्या चौकटीसारखी आखणी पसरलेली असते. डावीकडून उजवीकडे काळ वाहतो. खालून वर स्वर चढतो. एखादा स्वर हवा असेल तर त्याच्या ओळीत एक आडवी पट्टी काढावयाची. पट्टी जेथे सुरू होते तेथे स्वर सुरू होतो, आणि जेथे संपते तेथे तो थांबतो. ती उचलून दुसरीकडे ठेवता येते, लांबवता येते, पुसताही येते. स्वरलिपीचे एकही चिन्ह न शिकलेला मनुष्य अर्ध्या तासात येथे काम करू लागतो. ह्या सोयीला ‘पियानो रोल’ असे नाव का पडले, आणि तिच्यात गेल्या शंभराहून अधिक वर्षांत सुधारणा होत गेल्या त्या कोणत्या उणिवेमुळे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

आपोआप वाजणाऱ्या वाद्याची कल्पना प्राचीन आहे. नवव्या शतकात बगदाद येथील बनू मूसा ह्या बंधूंनी पाण्याच्या बळावर आपोआप वाजणाऱ्या वाद्याचे वर्णन लिहून ठेवले. त्यात फिरत्या नळकांड्यावर बसविलेल्या खुंट्या स्वर उघडीत व मिटवीत असत. पुढे युरोपातील घड्याळांत, संगीतपेट्यांत आणि रस्त्यावर वाजणाऱ्या हातपेट्यांत हीच युक्ती शेकडो वर्षे नांदली. परंतु नळकांडे एकदा फिरून पुरे झाले की राग म्हणा, गत म्हणा, तेथेच संपे. लांब रचना त्यावर मावत नसे, आणि नवी रचना हवी तर नवे नळकांडे घडवावे लागे.

ह्या अडचणीतून वाट दाखविली ती संगीताने नव्हे, तर विणकामाने. फ्रान्समधील लिओं शहरी झोझेफ मारी जॅकार्ड ह्याने १८०४ च्या सुमारास असा माग सिद्ध केला की, त्यात वेलबुट्टीची आज्ञा छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या साखळीतून दिली जाई. छिद्र असेल तेथे सुई आत शिरे व धागा उचलला जाई. नसेल तेथे धागा जागीच राही. ‘जॅकार्ड’ हा शब्द आपल्याकडील विणकरांच्या पेठांतही रूढ आहे. नक्षीची आज्ञा मागापासून अलग करता आली, ती गुंडाळून ठेवता आली, बदलता आली, हे ह्या शोधाचे मर्म होय. वस्त्रातील बुट्टीच्या जागी स्वर ठेवला की पियानोची गुंडाळी तयार होते.

१८६३ साली फ्रान्समधील आंरी फुर्नो ह्याने हवेच्या दाबावर चालणाऱ्या ‘पियानिस्ता’ नामक यंत्राचा हक्क नोंदविला. त्यानंतर १८९५ साली अमेरिकेतील डेट्रॉइट येथे एडविन व्होटी ह्याने ‘पियानोला’ बनविला, आणि एओलियन कंपनीने तो घरोघर पोहोचविला. आरंभीचा पियानोला हे एक स्वतंत्र कपाट होते. ते पियानोसमोर आणून ठेवावयाचे; त्यातून बाहेर आलेली, टोकांस बनात मढविलेली लाकडी बोटे पियानोच्या पट्ट्यांवर पडत. पुढे हीच यंत्रणा पियानोच्या पोटात गेली. तिचे कार्य मोठे सुबक होते. वादक पायांनी भाते चालवी व आत शोषाची निर्मिती होई. कागदाची गुंडाळी एका पितळी पट्टीवरून सरके, आणि त्या पट्टीला प्रत्येक स्वरासाठी एक भोक असे. कागदातील छिद्र त्या भोकावर आले की हवा आत जाई, तिच्या योगे एक लहान झडप उचलली जाई, त्या स्वराचा छोटा भाता मिटे आणि हातोडी तारेवर पडे. छिद्र लांब असेल तर स्वर लांबे. पडद्यावर आज आपण जी आडवी पट्टी ओढतो, ती ह्या लांबट छिद्राचीच प्रतिमा आहे.

१९०८ हे वर्ष ह्या कथेत दोन कारणांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षीच्या डिसेंबरात बफेलो शहरी अमेरिकन कारखानदारांची परिषद भरली. तोपर्यंत एका कारखान्याची गुंडाळी दुसऱ्याच्या पियानोवर चालेलच असा भरवसा नव्हता. कोणी ६५ स्वरांची गुंडाळी काढी, तर कोणी पूर्ण ८८ स्वरांची. परिषदेत असे ठरले की ८८ स्वरांच्या गुंडाळीची रुंदी सव्वाअकरा इंच असावी आणि एका इंचात ९ छिद्रे बसावीत. स्पर्धकांनी एकत्र बसून एक माप मान्य केले आणि धंद्याला बरकत आली.

दुसरी घटना त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतली. संगीताचे एक प्रकाशक आणि गुंडाळ्या काढणारी अपोलो कंपनी ह्यांच्यातील खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, छिद्रांची गुंडाळी ही छापील संगीताची ‘प्रत’ ठरत नाही. कारण ती मनुष्याने वाचावयाची वस्तू नसून यंत्राचा एक भाग आहे. रचनाकारांवर त्यामुळे अन्याय होतो हे ध्यानी येऊन पुढल्याच वर्षी, १९०९ साली, कायदा बदलण्यात आला आणि प्रत्येक गुंडाळीमागे दोन सेंट मोबदला ठरला. कायद्याचा भाग बाजूस ठेवला तरी न्यायालयाचे ते निरीक्षण मननीय आहे. त्या काळी गुंडाळी वाचणारा फक्त भाता होता. आज तीच गुंडाळी पडद्यावर उलगडलेली असते, आणि जी लक्षावधी मंडळी ती सहज वाचतात त्यांपैकी अनेकांना संगीताची दुसरी कोणतीही लिपी वाचता येत नाही. यंत्राची भाषा मनुष्याची लिपी झाली, ही ह्या साधनाच्या इतिहासातील सर्वांत मोठी क्रांती होय.

आता त्याच्या उणिवेकडे वळू. छिद्र दोनच गोष्टी सांगू शकते: कोणता स्वर, आणि केव्हापासून केव्हापर्यंत. तो स्वर हळुवार वाजवावा की जोराने, लय किंचित रेंगाळावी की पुढे सरकावी, ह्याविषयी छिद्र मूक असते. पियानोलाचे पहिले श्रोते ‘यांत्रिक’, ‘निर्जीव’ अशी तक्रार करू लागले ती ह्याच कारणाने. कारखानदारांनी ती तक्रार ऐकली, हे त्यांच्या पदरी टाकावयास हवे. एओलियन कंपनीने ‘मेट्रोस्टाइल’ म्हणून एक युक्ती काढली. गुंडाळीवर छिद्रांच्या बरोबरीने एक नागमोडी तांबडी रेघ छापलेली असे. चालकाने लयीच्या दांडीची सुई त्या रेघेवर धरून ठेवावयाची; रेघ जशी वळेल तशी लय वाढे वा घटे. ‘थेमोडिस्ट’ नावाच्या दुसऱ्या युक्तीत कागदाच्या कडेला बारीक छिद्रांच्या जोड्या पाडीत, आणि त्यायोगे साथीच्या स्वरांतून मुख्य चालीचा स्वर उठावदार होई.

१९०४ साली जर्मनीतील फ्रायबुर्ग येथील वेल्टे कंपनीने ह्यापुढचे पाऊल टाकले. ‘वेल्टे-मिन्योन’ ह्या तिच्या यंत्रात वादकाचे प्रत्यक्ष वादन, त्याच्या लहानमोठ्या आघातांसह, कागदावर नोंदले जाऊन पुन्हा वाजविले जाई. १९०५ साली गुस्ताव माहलरने आपल्या रचना ह्या यंत्रासाठी वाजविल्या. एडवर्ड ग्रीग आणि क्लोद दब्युसी ह्यांच्याही बोटांचा ठसा अशा गुंडाळ्यांवर उरलेला आहे. एओलियनच्या ‘ड्युओ-आर्ट’ यंत्रणेत, १९१४ च्या सुमारास, आघाताची तीव्रता चार छिद्रांच्या संयोगाने सांगितली जाई. चार छिद्रांची किंमत अनुक्रमे १, २, ४ आणि ८. त्यांच्या निरनिराळ्या जोडण्यांतून तीव्रतेच्या १६ पायऱ्या मिळत. संगणकशास्त्रात पुढे रूढ झालेली द्विमान गणती येथे कागद, हवा आणि कातडे ह्यांच्या साह्याने चाललेली दिसते. हा १६ चा आकडा ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

गुंडाळीचे संपादन म्हणजे काय, हेही ह्याच काळात स्पष्ट झाले. वादकाचे बोट चुकीच्या पट्टीवर पडले असेल तर कारागीर ते छिद्र कागदाच्या चिकटपट्टीने बुजवी, आणि योग्य ठिकाणी पात्याने नवे पाडी. मागेपुढे झालेले स्वर सरळ रेषेत आणता येत. दहा बोटांना न झेपणारे स्वरही वाढविता येत, कारण कागदाला बोटांची मर्यादा नव्हती. एकोणीसशे वीसच्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत बनणाऱ्या पियानोंपैकी निम्म्याहून अधिक पियानो आपोआप वाजणारे होते. ह्या घरांत जे संगीत ऐकले जाई त्यातले किती वादकाचे व किती संपादकाचे, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

कागदाला बोटांची मर्यादा नाही, ही गोष्ट एका माणसाने आपल्या आयुष्याचे सूत्र केली. कॉनलन नॅनकॅरो हा १९१२ साली अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात जन्मला. स्पेनच्या यादवी युद्धात तो प्रजासत्ताकाच्या बाजूने लढला, आणि १९४० साली मेक्सिकोत जाऊन स्थायिक झाला. त्याच्या डोक्यातील लयीचे व्यूह इतके गुंतागुंतीचे होते की ते वाजवावयास वादक मिळत नसत. हेन्री कॉवेल ह्या रचनाकाराने १९३० साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात, असल्या लयींसाठी पियानोच्या गुंडाळीचा उपयोग करावा, असे सुचविले होते. नॅनकॅरोने ती सूचना मनावर घेतली. १९४७ साली न्यूयॉर्कला जाऊन त्याने छिद्रे पाडण्याचे यंत्र मिळविले, आणि पुढे काही दशके मेक्सिको शहरात एकेक छिद्र स्वतःच्या हाताने पाडीत तो बसला. काही मिनिटांच्या एका रचनेस महिनेच्या महिने लागत. त्याच्या एकविसाव्या ‘अभ्यासा’त एक चाल संथपणे आरंभून सतत द्रुत होत जाते, दुसरी द्रुत आरंभून सतत संथ होत जाते, आणि मध्ये कोठेतरी त्या एकमेकींना ओलांडतात. १९८२ साली मॅकआर्थर प्रतिष्ठानाची वृत्ती मिळेपर्यंत बहुतेक जगाला त्याचे नावही ठाऊक नव्हते. १९९७ साली तो निवर्तला. गुंडाळी ही केवळ वादनाची नक्कल नसून रचनाकाराची लेखणी होऊ शकते, हे त्याने सिद्ध करून दाखविले.

दुसरा एक प्रयोग आपल्या दृष्टीने अधिकच जवळचा आहे. पर्सी ग्रेंजर हा ऑस्ट्रेलियात जन्मलेला प्रसिद्ध पियानोवादक. त्याने ड्युओ-आर्टसाठी पुष्कळ गुंडाळ्या वाजविल्या होत्या. परंतु त्याच्या मनाला ओढ होती ती पायऱ्यांनी न चढता घसरत जाणाऱ्या स्वराची. पियानोत असा स्वर निघणे अशक्य. म्हणून उतारवयात, १९५२ च्या सुमारास, बर्नेट क्रॉस ह्या शास्त्रज्ञाच्या साह्याने त्याने एक यंत्र उभारले. त्यात कागदाची मोठी गुंडाळी होती, पण तिला छिद्रे नव्हती. तिची कड डोंगररांगेसारखी खालीवर कापलेली होती. ती कड पुढे सरके तसतसा विद्युत्-स्वर अखंडपणे चढे व उतरे. पियानो वाजविणाऱ्या मनुष्यालाच पियानोच्या चौकटीचा कंटाळा यावा आणि त्याने कागदाकडून मींड मागावी, ही घटना पुष्कळ काही सांगून जाते.

दरम्यान ध्वनिमुद्रणाचे तंत्र सुधारले, रेडिओ आला, १९२९ ची आर्थिक मंदी कोसळली, आणि आपोआप वाजणारे पियानो अडगळीत गेले. छिद्रांचा कागद मात्र मेला नाही. तो प्रयोगशाळेत शिरला. १९५७ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बसविलेल्या आरसीए कंपनीच्या अवाढव्य स्वरनिर्मिती-यंत्रास आज्ञा मिळे ती छिद्रे पाडलेल्या कागदावरूनच. त्याच वर्षी बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज ह्याने आपल्या ‘म्युझिक’ नामक प्रोग्रॅमद्वारा संगणकाकडून १७ सेकंदांचे संगीत वाजवून घेतले. तेथे आज्ञा आकड्यांच्या यादीत द्याव्या लागत. कानाचे काम डोळ्यापुढे उभे राहण्यास आणखी काही काळ जावा लागला. १९७७ साली पॅरिसमध्ये यानिस झेनाकिस ह्याने ‘युपिक’ नामक यंत्र सिद्ध केले. त्याच्या फळ्यावर लेखणीने रेघ काढावी आणि ती स्वर होऊन वाजावी, अशी योजना होती. १९८२ साली सिडनी येथील फेअरलाइट कंपनीच्या वाद्य-संगणकात ‘पेज आर’ हे पान आले. त्यात वादनाचे तुकडे पडद्यावर मांडून जुळविता येत.

सामान्य संगीतकाराच्या टेबलापर्यंत ही सोय पोहोचली ती मात्र मिडीमुळे. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील वाद्य-व्यापाऱ्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियल आणि रोलंड ह्या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्ये एका तारेने जोडली गेली, आणि एकावर वाजविलेला स्वर दुसऱ्यातून निघाला. डेव्ह स्मिथ व इकुतारो काकेहाशी हे ह्या कार्यातील अग्रणी. बफेलोच्या परिषदेत जे कागदाच्या रुंदीविषयी घडले, तेच येथे विद्युत्-संदेशाविषयी घडले. मिडीचा संदेश छिद्रासारखाच साधा आहे: अमुक क्रमांकाचा स्वर सुरू, अमुक क्रमांकाचा स्वर बंद. स्वरांचे क्रमांक ० ते १२७. आघाताचा वेग, ज्याला ‘व्हेलॉसिटी’ म्हणतात, त्यासही १२७ पर्यंतच पायऱ्या. ड्युओ-आर्टच्या १६ पायऱ्या येथे १२७ झाल्या. दोनच वर्षांनी, १९८५ साली, आलेल्या अटारी एसटी ह्या संगणकात मिडीची जोडणी अंगभूतच होती. १९८९ साली हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीचा ‘क्युबेस’ त्याच संगणकावर अवतरला, आणि त्यातील ‘की एडिट’ ह्या खिडकीत आजचा पियानो रोल ओळखू येतो. कागद गेला, भाता गेला, पाते आणि चिकटपट्टीही गेली. आकृती तीच राहिली.

सोय वाढली की तिचा अतिरेकही वाढतो. ‘क्वांटाइझ’ नावाची एक आज्ञा ह्या खिडकीत असते. ती दिली की मागेपुढे पडलेला प्रत्येक स्वर जवळच्या उभ्या रेघेला जाऊन चिकटतो. मिनिटास ६० मात्रांची लय धरली आणि एका मात्रेचे ४८० भाग पाडले, तर संगणक सुमारे दोन सहस्रांश सेकंदाचा फरक नोंदू शकतो. एवढी सूक्ष्म नोंद हाताशी असताना ती पुसून टाकून सारे स्वर रांगेत उभे करावेत, हा प्रकार सोयीचा खरा, पण त्यात वादकाच्या बोटातला श्वास निघून जातो. म्हणून पुढील सुधारणा पुन्हा त्याच दिशेने झाल्या. स्वर रेघेकडे किती टक्के ओढावा हे ठरविता येऊ लागले. आघात किंचित कमीजास्त करणारी साधने आली. प्रत्येक स्वराखाली आघाताची उभी काठी दिसू लागली. आणि ध्वनीची पातळी वा स्वराचा कल दाखविणारी वक्ररेषा खालच्या पट्ट्यात काढता येऊ लागली. ही वक्ररेषा पाहिली की मेट्रोस्टाइलची ती तांबडी नागमोडी रेघ आठवल्यावाचून राहत नाही.

येथवरची कथा पश्चिमेची झाली. परंतु चौकटीत संगीत बसविण्याचा प्रश्न आपल्याकडेही त्याच शतकात निर्माण झाला होता, आणि त्याची केंद्रे आपल्या ह्या परिसरातच होती. वडोदऱ्यास सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्ष ह्यांची गायनशाळा १८८६ साली निघाली, आणि तेथे त्यांच्या स्वतःच्या स्वरलिपीतून शिक्षण दिले जाऊ लागले. १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापणाऱ्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी आपली लिपी सिद्ध केली. विष्णु नारायण भातखंडे ह्यांनी शेकडो चिजा लिपिबद्ध करून मराठीत ‘क्रमिक पुस्तक मालिका’ प्रसिद्ध केली. १९१६ ची वडोदऱ्याची संगीत परिषद आणि १९१८ साली ग्वाल्हेरीस निघालेले माधव संगीत विद्यालय ही त्यांच्याच कार्याची फळे. त्यांच्या लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, सप्तकासाठी खालीवर बिंदू अशी सुटसुटीत योजना आहे. मींडेसाठी मात्र दोन स्वरांवर एक कमान काढली आहे. ती कमान सांगते की येथून तेथे घसरत जावयाचे आहे. कसे जावयाचे, कोठे रेंगाळावयाचे, कोणत्या श्रुतीला स्पर्श करावयाचा, ते ती सांगत नाही. ते सांगण्यास गुरू समोर बसलेला असे. लिपीने जागा रिकामी ठेवली, आणि ती रिकामी आहे हे वाचणाऱ्यास ठाऊक होते.

हार्मोनियमच्या बाबतीत हाच वाद अधिक तीव्र झाला. पट्टी दाबली की ठराविक स्वर. दोन पट्ट्यांच्या मध्ये काही नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल ह्यांनी श्रुतींची मापे घेतली, आणि क्लेमंट्स ह्या इंग्रज अधिकाऱ्यासमवेत श्रुतींची पेटी घडविण्याचा उद्योग केला. उलट रेडिओने १९४० साली हार्मोनियमला दारच बंद केले, आणि ते १९७१ साली काहीसे किलकिले झाले. तरीही ह्याच पेटीने मराठी नाट्यसंगीत वाढविले, गोविंदराव टेंब्यांसारखे वादक दिले, ही वस्तुस्थिती आहे. पट्ट्यांचे वाद्य आपल्या संगीताला सर्वस्वी परके असे म्हणून भागत नाही, आणि ते पुरेसे आहे असे म्हणूनही भागत नाही. संगणकातील पियानो रोलकडे पाहताना हा अनुभव हाताशी असावा.

कारण त्या खिडकीच्या डाव्या कडेला पियानोच्या पट्ट्या उभ्या आहेत. त्यांत सप्तकाचे १२ समान भाग आहेत आणि प्रत्येक भाग १०० सेंटांचा आहे. तंबोऱ्याच्या षड्जातून स्वयंभू उमटणारा गांधार ३८६ सेंटांवर असतो. पियानोचा गांधार ४०० वर. हा १४ सेंटांचा फरक शिकलेल्या कानास तत्काळ खटकतो. मिडीत स्वर वाकविण्याची सोय पहिल्यापासून आहे, आणि तिच्या १६,३८४ पायऱ्या आहेत. वर-खाली दोन-दोन अर्धस्वरांचा नेहमीचा पल्ला धरला तर मध्यापासून साडेपाचशेहून थोड्या अधिक पायऱ्या खाली येताच तो गांधार मिळतो. म्हणजे सूक्ष्मतेची उणीव तेथे नव्हती. उणीव वेगळीच होती. हा वाक एकेका स्वरास लागत नसे. त्या मार्गावर वाजत असलेल्या सर्व स्वरांस एकदमच लागे. एका स्वरास मींड द्यावी तर सोबतचा षड्जही घसरे. मूळ रचना पट्ट्यांच्या वाद्यासाठी केलेली, तिचा हा परिणाम.

ही त्रुटी दूर व्हावयास ३५ वर्षे लागली. २०१८ साली ‘एमपीई’ ही पद्धती अधिकृतपणे मान्य झाली. तीत प्रत्येक स्वर स्वतंत्र मार्गाने पाठविला जातो, आणि म्हणून त्याचा वाक त्याच्यापुरताच राहतो. २०२० साली ‘मिडी २.०’ जाहीर झाले, आणि त्यात एकेका स्वराचा वाक हा संदेशाचाच भाग झाला. आघाताच्या पायऱ्याही ६५,५३६ झाल्या. १६, १२७, ६५,५३६ ही तीन संख्यांची मालिका पाहिली की, छिद्राला हाताची जाण देण्याची धडपड शंभर वर्षे किती चिकाटीने चालली ते ध्यानात येते. दुसऱ्या बाजूने जर्मनीतील पेटर नॉयबेकर ह्यांनी २००१ साली आणलेल्या ‘मेलोडाइन’ने प्रत्यक्ष गायलेला आवाजच चौकटीवर उलगडून दाखविला. त्यात प्रत्येक स्वराच्या फुगीर आकृतीतून त्याच्या चढउताराची बारीक रेघ जाते. गवयाची मींड प्रथमच चौकटीवर, चौकटीला न जुमानता वाहताना दिसू लागली.

ही साधने वापरताना आपल्या विद्यार्थ्यांनी काय करावे, ह्याविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. झपतालात रचना करावयाची असेल तर चारांची आखणी तशीच ठेवून तिच्याशी झगडू नये; एका मापात १० मात्रा ठेवून दोन, तीन, दोन, तीन असे विभाग मनात वा रंगाने खुणावून घ्यावे. रागात वर्ज्य असलेल्या स्वरांच्या ओळी बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये फिक्या वा अदृश्य करता येतात, त्या कराव्यात. सर्व स्वर रेघेस चिकटविण्यापूर्वी मूळ वादनाची एक प्रत जपून ठेवावी. मींड लिहिताना सरळ रेघ ओढू नये; एखाद्या जाणत्या गायकाचे मुद्रण उलगडून तिचा खरा आकार डोळ्यांनी पाहावा, आणि मग कानांनी तपासावा. ज्या कोणास ही साधने सुधारण्याचे सामर्थ्य आहे, त्याच्यापुढेही काम पडले आहे. डाव्या कडेला पियानोच्या पट्ट्यांऐवजी गायकाच्या षड्जाप्रमाणे सरकणारी सरगम असावी. काळाची रेघ केवळ सरळ न धावता आवर्तनाने समेवर परतावी. आणि भातखंड्यांची ती कमान दोन स्वरांवर काढताच तिच्या पोटातील आकार घडविता यावा. ह्यांत अशक्य असे काही नाही. ग्रेंजरने कागद कापून जे साधले, ते पडद्यावर साधणे अवघड नसावे.

शेवटी एक विचार. गुंडाळीच्या शतकाच्या इतिहासात प्रत्येक सुधारणा बाहेरून कोणी तरी केलेल्या तक्रारीतून जन्मास आली आहे. कोणी म्हणाले आघात नाही, तेव्हा आघात आला. कोणी म्हणाले लय जड आहे, तेव्हा तांबडी रेघ आली. यंत्रास आपण होऊन कसलीच उणीव भासत नसते. ती भासते ती ऐकणाऱ्या कानास. ज्या कानाने तंबोऱ्यावरचा गांधार कधी ऐकलाच नाही, त्याला ४०० सेंटांच्या गांधारात काही उणे आहे असे वाटणार नाही, आणि मग ती उणीव दूर करण्याची मागणीही होणार नाही. म्हणून नव्या पिढीच्या हाती ही चौकट देताना तिच्या शेजारी एक तंबोराही ठेवला पाहिजे. चौकटीत काय बसले हे पडदा दाखवील. काय बसावयाचे राहिले हे कानालाच सांगावे लागेल.